मामांची जाळीची खोली

मामांना मी शेवटचं पाहिलं ते उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात, गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी. मामा म्हणजे माझे सासरे, लिंबाजी मामा. दोन दिवसांपूर्वी छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना तिथं दाखल केलं होतं. शाळा सुटल्यावर डबा घेऊन मी तेरहून एस.टी.नं गेले. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि मला बघून पहिला प्रश्न, "उतरली का खाली?" मी म्हटलं, नाही, पाखराची मादी अंड्यांवरच आहे, ती दाणा खायला उतरली की नर जाऊन बसतो. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तू घरला जा. मला हितं डॉक्टर हायत, तिला कोन हाय?" मी दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी त्यांना भरवली आणि सहाची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे यजमान वर्गाच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

ज्यांनी मामांचं अंगण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मामा ढोकीच्या साखर कारखान्यात फिटर होते. तेरहून रोज सायकलनं जायचे. आणि सोळा वर्षं त्यांनी घरी फिंच जातीची पाखरं वाढवली. चिमणीहून लहान, राखी अंगाची, लाल चोचीची, नराच्या गालावर तांबूस ठिपका. ही जात मूळची आपल्याकडची नव्हे, म्हणून गावात त्यांना विलायती चिमण्या म्हणायचे. पहिली जोडी मामांनी सोलापूरहून आणली. कारखान्याच्या कामाला गेले होते, बाजारात एका दुकानासमोर थबकले, आणि भोकं पाडलेल्या मिठाईच्या खोक्यातून दोन जीव घेऊन घरी आले. मी या घरात येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "सून आली, पाखरं आली. ह्यांनी आणायचं अन् म्या सांभाळायचं." प्रत्यक्षात पाखरं त्यांनी कधी सांभाळली नाहीत. मला सांभाळलं, ते वेगळं.

पहिला पिंजरा चहाच्या लाकडी खोक्याचा, पुढून जाळी ठोकलेला. मामांनी तो मावळतीच्या भिंतीला टांगला आणि चैत्रातल्या उन्हात घातलेली अंडी आतल्या आत शिजली. मग पिंजरा उगवतीला आला. घरट्याला म्हणून सुतळीचे लांब धागे घातले, तर एका पाखराचा पाय त्यात गुंतून सुजला. तेव्हापासून चार बोटांपेक्षा लांब धागा आत गेला नाही. काथ्या कातरायचं काम माझ्याकडं आलं. दुकानातली लाकडी खुराडी आमच्या उन्हात तापतात हे कळल्यावर मामा कुंभाराकडं जाऊन बसले आणि पोटाला भोक असलेली बोळकी घडवून घेतली. कुंभाराला वाटलं, फिटरचं डोकं फिरलं. पण मातीचं बोळकं आत गार राहतं, आणि पाखरांनी पहिल्याच दिवशी ते पसंत केलं. मामांना कुणी काही शिकवलं नव्हतं. चूक झाली की ते पिंजऱ्यासमोर पोत्यावर बसून राहायचे. यंत्राचा आवाज ऐकत बसावं तसे. मग उठून एकच गोष्ट बदलायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही, म्हणायचे. मी शिक्षिका आहे, पण ही शिस्त मी त्यांच्याकडून घेतली.

मग दुष्काळ आला. त्याबद्दल मामा असेपर्यंत मी कुठं बोलले नव्हते.

कारखान्याला ऊस नव्हता, मामा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तेरणेचं पात्र कोरडं पडलं होतं. आम्ही बायका वाळूत झिरे खोदून, वाटीवाटीनं हंडा भरत असू. आमच्या बौद्धवाड्याचा झिरा वेगळा, सगळ्यात खालच्या अंगाला, आणि त्याला पाणी सगळ्यात उशिरा सुटायचं. एका सकाळी रांगेत आमच्याच वाड्यातली एक बाई मला ऐकवून म्हणाली, माणसं तहानेनं मरत्यात अन् फिटरची पाखरं आंघोळी करत्यात. मला ते झोंबलं. मी हंडा घेऊन घरी आले आणि तशीच मामांसमोर उभी राहिले. म्हटलं, पाखरं ठेवायची असतील तर उद्यापासून रांगेत तुम्ही उभे राहा. सासऱ्यांशी असं बोलण्याची रीत नव्हती. पण मी बोलले, आणि मामांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. अकरा पाखरं झाली होती तोवर. दुपारपर्यंत एकही बाहेर येईना. मामांनी पंचा हलवून त्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा पाखरं जाळीला बाहेरून चिकटून बसली होती. चोची उघड्या. आत पाण्याची वाटी दिसत होती, आणि तिच्यापर्यंत कसं जायचं ते कळत नव्हतं. जन्म जाळीच्या आत गेलेला. झाड, ससाणा, झिरा, काही माहीत नाही. मामांनी दार उघडलं. आत आली ती पाच. दोन शिक्र्यानं उचललेली शेजाऱ्यांनी पाहिली, एक बोरीखाली मेलेलं सापडलं, बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. मामा पोत्यावर बसले होते. मला म्हणाले, "सोडली म्हनलो म्या, पर टाकली गं." एवढंच. मला बोल लावला नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही.

रात्र उलटल्यावर मला सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. मी पाणी मोजलं. अकरा पाखरांना दिवसाला एक पेला पुरत होता. आंघोळ वगैरे त्या बाईनं जोडलेलं. एका पेल्यावरून मी वडीलधाऱ्या माणसाला मान खाली घालायला लावली होती. त्या दिवसापासून पाच पाखरांचं पाणी मामा आपल्या तांब्यातून काढायचे, आणि त्यांचा तांब्या मी माझ्या वाट्याच्या पाण्यानं भरून ठेवायचे. 

पाऊस झाला, कारखाना सुरू झाला. मामांनी कारखान्याच्या भंगारातून बारीक जाळी रीतसर पावती फाडून आणली आणि अंगणात माणूस उभा राहील एवढी खोली उभी केली. जाळी हातभर जमिनीत गाडली, घूस आणि साप येऊ नये म्हणून. दाराच्या आत दुसरं दार ठेवावं, ही सूचना माझी. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पाखरू निसटत नाही. मामा आल्यागेल्याला ते दार दाखवून म्हणायचे, "ही अक्कल सुनंची." राळे, बाजरी, घोळीची भाजी, चोच घासायला जाळीला अडकवलेला समुद्रफेस. कडुलिंबाच्या फांद्या, काही बोटाएवढ्या, काही काडीएवढ्या, कारण एकाच जाडीवर बसून पाखरांचे पाय दुखतात. त्या पाच जिवांवरून पुढची सगळी पैदास झाली.

तीन वेळा पिल्लं झाली की मामा बोळकी काढून घ्यायचे. मादीला विसावा पाहिजे, नाहीतर ती अंडं अडून मरते. एकदा ते बोळकी उतरवत होते, मी भाकरी थापत होते, तिसरं मूल कडेला रडत होतं. मी म्हटलं, मामा, या घरात पाखरू होऊन आले असते तर बरं झालं असतं.  आठवड्यानं यजमान स्वतःहून आले आणि नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख विचारून आलोय म्हणाले, माझी नव्हे, स्वतःची. त्या काळात पुरुषानं हे करावं ही साधी गोष्ट नव्हती. घरात कुणाचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

पुढं लांबून माणसं जोडी मागायला येऊ लागली. मामा आधी त्यांना तासभर जाळीसमोर बसवायचे आणि काय दिसलं ते विचारायचे. नुसतं "छान हायत" म्हणणारा चहा पिऊन परत जायचा. लोहाऱ्याच्या एका तलाठ्यानं पिंजरा तयार आहे म्हटल्यावर मामा एस.टी.नं लोहाऱ्याला गेले, जाळीत करंगळी घालून बघितली, आणि पाखरं पिशवीत तशीच घेऊन परत आले. म्हणे करंगळी जाते तिथं सापाचं पिल्लू जातं. तलाठ्यानं महिन्यात जाळी बदलली.

आता मामांच्या मागचं. सातव्या दिवशी जलदानाचा विधी झाला. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि माझी नणंद कमल हिच्या मालकांनी विषय काढला. मामा जीव लावणारे होते, त्यांच्या नावानं आज पाखरं मोकळी करू. करुणेचं काम होईल. सगळ्यांना ते पटलं. कमल रडायला लागली. मी नको म्हटलं. मग दुष्काळातली ती सकाळ सांगितली, माझ्या वाक्यासकट. जावई म्हणाले, "वैनी, तवा दुष्काळ व्हता. आता पानी हाय, दाना हाय." मी म्हटलं, शिक्रापण आहे. त्यांना ते आवडलं नाही. आत्याबाईंनी ठरवावं, असं झालं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मला वेगळीच काळजी होती. आठवडाभर अंगणात गर्दी होती, सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्या दुपारी मादी बोळक्यातून उतरली होती आणि ना ती परत चढत होती ना नर. अंडी गार पडली की संपलं. एवढे दिवस दाणापाणी मी दारातूनच सरकवत होते; आता पांढऱ्या पातळात आत गेले तर सगळी पाखरं जाळीवर धडकायला लागली. बाहेर येऊन विचार केला. मामा आत गेले तर पाखरं कधी धडकली नाहीत, त्यांना कधी घाबरली नाहीत. मग आठवलं की खोली उभी राहिल्यापासून ते कारखान्याच्या खाकी सदऱ्याशिवाय त्या खोलीत गेले नव्हते. मी त्याला चिकटपणा समजत होते. सदरा द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्यात होता. मी गाठोडं सोडलं आणि सगळ्यांसमोर तो पातळावर चढवला.  कमलचं रडणं थांबलं. सुनेनं सासऱ्याचा सदरा घालावा हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

आत्याबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या. "हात लांब हायत त्यांचे," म्हणाल्या, "दुमडून घे." आणि त्यांनीच दोन्ही बाह्या दुमडून दिल्या.

पाखरं सोडायचा विषय तिथं संपला. मी आत गेले, पाणी बदललं, राळे टाकले, पोत्यावर बसले. पाऊण तासानं मादी वर चढली. पुढच्या रविवारी पाचपैकी तीन अंडी फुटली.

सदरा आता जाळीशेजारच्या खिळ्याला असतो. दर आठवड्याला मी तो साबणानं धुते. कमलला ते लागलं, म्हणाली त्यांचा वास जाईल. जाऊ दे. पाखरं रंग ओळखतात, वास नाही. कोपरांवर कापड विरलंय, वर्षभर टिकेल असं दिसतं. तशाच खाकी कापडाचा तुकडा मी उस्मानाबादहून आणून ठेवलाय. नवा सदरा शिवायचा तो मामांच्याच मापाचा.