नवऱ्याच्या अंगात देव आला तेव्हा

आमचे हे फौज सोडून घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात कुकरच्या शिट्टीला कॉटखाली शिरले. मी हसले. पुढं हसू आटलं. सरहद्दीवर ह्यांच्या गाडीजवळ स्फोट झाला होता, शेजारी बसलेला सोबती जागीच गेला. ह्यांना वरून ओरखडाही नव्हता. पण मी मागून खांद्यावर हात ठेवला, की दचकून मला असं ढकलायचे की बांगड्या फुटायच्या. मग स्वतःच रडवेले व्हायचे आणि अंथरूण उचलून शेरडांच्या गोठ्यात जायचे. वर्ष झालं, नवरा-बायकोत काही म्हणजे काही नव्हतं. मला माझा नवरा हवा होता. त्यात लाजायचं काय?

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, वेगळाच घोर. "देवाचा कोप हाय गं. नातवंड कुठनं दिसंल?" वडूजकडच्या आमच्या धनगर वस्तीत कोपावर इलाज एकच, देवापुढं ढोल.

मी कपाळावर हात मारला. "आवं आत्याबाई, कुकर सोसंना त्यांना, आन् तुमी ढोल आणताय?"

"थोडं न्हाईत, लय आणते," त्या म्हणाल्या.

आणले. पहिला ठोका पडला आणि हे देवळाच्या अंगणात सपशेल पालथे. दोन्ही हात डोक्यावर, अंग थरथरतंय. झालं! "अंगात आलं, अंगात आलं!" वस्ती ओरडली. ह्यांच्या पाठीवर मूठ मूठ भंडारा पडला, सगळे हळदीनं पिवळे. लगेच भाकणूक विचारायला माणसं सरसावली. पाऊस कवा? माझा बोकड कुणी नेला? एकानं तर जावयाची बदली विचारली! हे कसेबसे म्हणाले, "ढोल बंद करा." तत्काळ बंद. देवच बोलला ना!

आत्याबाईंनी पदर पसरला. "देवा, माझ्या लेकाचा संसार कवा मार्गी लागंल?"

हे मातीत तोंड ठेवूनच बोलले, "बायको लय आवडती मला. पर न सांगता हात लागला की स्फोटच दिसतो. तिलाच कायतरी इजा करंन, ह्याचं भ्या वाटतं, म्हणून लांब झोपतो. मागनं येऊ नका. आधी आवाज द्या."

"देवाचंबी लगीन झालंय व्हय?" एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं.

मला ह्यांचा संताप आला आणि रडूही फुटलं. घरात वर्षभर तोंड शिवलेलं, आणि सांगितलं ते सगळ्या वस्तीला!

पुढं साताऱ्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मनाला झालेली जखम आहे, अशी माणसं जवळ यायलाच घाबरतात, घाई करू नका. गोळ्या दिल्या, ह्यांना बोलतं केलं. आत्याबाईंना डॉक्टर काही पटला नाही. पण देवाचा हुकूम म्हणजे हुकूम. अख्खं घर वर्दी देऊन वावरायला लागलं. "तांब्या ठेवतीय रं!" "शिंक येतीय रं!" शेजारी कोंबडी हाकलायच्या आधी कळवून जायचे. हळूहळू ह्यांचं अंथरूण गोठ्यातून घरात आलं, पण भिंतीकडेला.

एका दुपारी मी ह्यांच्या समोर बसले. "हात लावू का?"

ह्यांनी चटईची कड मुठीत धरली. मग म्हणाले, "लाव."

मी गालावर हात ठेवला. घाम फुटला त्यांना, पण सरकले नाहीत. डोळे मिटले आणि मला जवळ ओढलं.

तेवढ्यात दाराबाहेरून खणखणीत आवाज आला, "आत येतीय रं!"

"न्हाई!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.