जड कपाटाला लाल टॅग

वाचनालयातली पुस्तकं एक वेळ परत येत नाहीत, पण किस्से न मागता जमा होतात. त्यांना ना शिक्का लागतो ना नंबर! भोसरीतल्या आमच्या कामगार वाचनालयात मी ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, भांडणं सोडवायची आणि वेळ उरलाच तर पुस्तकं द्यायची.

माझे निम्मे किस्से एकाच कपाटाचे आहेत. एका रिटायर्ड प्राध्यापकांनी देणगी दिलेलं. सरकारी अहवाल, कायदे, गॅझेटियर, माती, शेळ्या, धातू, भूजल, बोलीभाषा, सगळे एकत्र नांदतायत. वाचक त्याला 'जड कपाट' म्हणतात आणि लांबूनच नमस्कार करतात. मला मात्र ते लेकरासारखं. प्रत्येक पुस्तक मी स्वतः पुसून, नोंदवून लावलंय.

*

कासारवाडीच्या सुरेखाताई, विलासची बायको, एकदा थेट त्या कपाटापाशी गेल्या. "मॅडम, हे 'ताण आणि विकृती' द्या. सासूबाईंना वाचायला देते."

"अहो ताई, हे पुस्तक जरा वेगळं..."

"मला माहितीये कशाचं आहे ते. घरात रोज तेच चाललंय!"

पुस्तक होतं लोखंडी सळईवर किती भार टाकला की ती कशी वाकते, याचं. पण जड कपाटातलं काहीतरी कुणीतरी नेतंय म्हटल्यावर मी कशाला बोलतेय! आठ दिवसांनी ताई परत आल्या. "काय म्हणाल्या सासूबाई?"

"वाचलं नाही. पण एक चित्र फार आवडलं त्यांना. सळईला दोन्ही बाजूंनी ओढतायत ना, ते. म्हणाल्या, 'हा आपला विलास!'"

*

वर्कशॉपमधला फिटर गणेश. कुठल्याशा समितीच्या अहवालाचा पहिला खंड त्यानं नेला आणि तीनदा मुदत वाढवून घेतली. मला भरून आलं हो! म्हटलं, "इतकं आवडलं?"

"खोटं नाही बोलणार मॅडम. रूमवरचं कपाट डुगडुगत होतं. हे पायाखाली घातलं, एकदम लेव्हल! दुसरा खंड द्या ना, पार्टनरचा पलंगपण हलतोय."

माझं डोकंच फिरलं. "अरे, एवढ्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी मिळून लिहिलाय तो!"

"म्हणूनच दबला नाही, मॅडम!"

*

ताथवड्याच्या कॉलेजातला एक मुलगा दहा पुस्तकं एकदम मागायला लागला. विषय कुठलेही चालतील, पण रंग एकसारखा हवा! ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, पाठीमागे मांडायची होती. मी चिडले, बडबडले आणि दिली.

इंटरव्ह्यूत साहेबांनी नेमकं विचारलं, "मागे भूजलाचा अहवाल दिसतोय. तुम्ही तर कॉम्प्युटरवाले. हे कशाला?"

हा म्हणाला, "सर, आमच्या सोसायटीत पाणी टँकरनं येतं. खाली काही शिल्लक आहे का ते बघतोय."

नोकरी लागली! पेढे घेऊन आला. पुस्तक मात्र त्यानं अजून उघडलेलं नाही.

*

आता सबनीस सर. आमच्या समितीचे अध्यक्ष. शेजारच्याच मोठ्या कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला होते. माणूस सरळ, पण फूटपट्टीइतका! अध्यक्ष झाल्याझाल्या त्यांनी कंपनीची पद्धत आणली. जी वस्तू वर्षभर कुणी वापरली नाही, तिला लाल टॅग. महिनाभरात कुणी हलवली नाही, की बाहेर. एका रविवारी त्यांनी जवळजवळ अख्ख्या जड कपाटाला टॅग लटकवले. महिन्यानं समितीची मीटिंग आणि तिथून थेट रद्दी.

मी म्हटलं, "सर, ही पुस्तकं परत कुठे मिळायची नाहीत."

"मॅडम, स्क्रॅपबद्दल प्रेम वाटायला लागलं की प्लांट बंद पडतो."

पण त्या टॅगवर छापलेलं असतं ना, 'नाकारण्याचे कारण', तो रकाना सरांनी रिकामा सोडला होता. तिथेच ते चुकले!

*

चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला असलेली संगीता, मूळची लातूरची, शिफ्ट सुटल्यावर पेपर वाचायला यायची. तिनं टॅग पाहिले आणि दचकलीच. "मॅडम, कारण कुठंय? कारण लिहिल्याबिगर माल रिजेक्ट कसा होईल बरं?"

"मग तूच लिही बाई," मी वैतागून म्हटलं.

तिनं ते ऑर्डरच धरलं! तपासल्याशिवाय लिहिणार कशी? म्हणून रोज दोन पुस्तकं घरी. मैत्रिणींनाही वाटून दिली. शेळ्यांच्या अहवालावर शेरा आला: 'माल चांगला आहे. गिऱ्हाईक गल्ली चुकले.' मातीच्या पुस्तकावर: 'आत दोष नाही. कव्हर रीवर्क करावे.' आणि कायद्याच्या जाडजूड पुस्तकावर: 'समजले नाही. दोष मालाचा का माझा, ते कळवावे.'

*

किसनआबा भोसरीचेच, जुन्या गावठाणातले. त्यांच्या वाट्याला बोलीभाषांची पाहणी आली. चष्मा लावून वाचत बसले आणि एकदम उखडले. "ह्यो मानूस लिवतोय, हिथली मानसं 'होय'ला 'व्हय' म्हनत्यात! आमी न्हाई म्हनत!"

मी म्हटलं, "म्हणता की आबा."

"कवा म्हनलो? साफ खोटं हाय हे! तुमाला तरी पटतंय का?"

"नाही पटत," मी वाद नको म्हणून म्हटलं.

"व्हय ना?"

*

मीटिंगचा रविवार उजाडला. संगीता सुट्टी टाकून आली, आबा कोपऱ्यात बसले. सबनीस सरांनी पहिल्यालाच बजावलं, "टॅग बघून मुद्दाम घरी नेलेलं मी वापरात धरणार नाही."

पण रकाना भरलेला दिसल्यावर तो न वाचता पुढे जायला क्वालिटीच्या माणसाचा जीव धजेना! उभ्याउभ्या एकेक टॅग वाचत सुटले, आणि नाकारायचं कारण सापडेना तसतसे टॅग सोडवत गेले. शेळ्यांवर हसू आलं, ते खोकल्यात घातलं. कायद्याचं पुस्तक स्वतः उघडून बघितलं आणि म्हणाले, "दोष मालाचा आहे." पण टॅग काढला.

शेवटी एक मळकं पुस्तक उरलं. इथे कारखाने यायच्या आधी सरकारनं केलेली गाववार पाहणी. विहिरी, झाडं, गुरं, सगळ्याची यादी. टॅगवर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'पान पन्नास. हीर आमची हाय. पुस्तक ऱ्हाऊ द्या.'

"हे कारण नाही," सर म्हणाले. "ही विनंती झाली. कुणी लिहिलं?"

"म्या," आबा म्हणाले.

सरांनी पान पन्नास काढलं. बोट फिरवत फिरवत खाली आले आणि थांबले. आबांच्या वडिलांचं नाव होतं, पुढे विहिरीची खोली, आणि 'बारमाही पाणी'. मला बघवेना. आता हा माणूस नियम सांगणार, असंच वाटत होतं.

"कुठंय ही विहीर आता?" सरांनी विचारलं.

"तुमच्या कंपनीच्या पार्किंगखाली. गेटातनं शिरलं की डाव्या हाताला, स्कूटरी लावत्यात तिथं."

तीस वर्षं सरांची स्कूटर तिथेच लागायची, हे आख्ख्या भोसरीला माहीत होतं. सर हळूच म्हणाले, "पाणी कसं होतं हो, आबा?"

"ग्वाड."

सरांनी टॅग सोडवला, पुस्तक छातीशी धरलं आणि माझ्या टेबलापाशी आले. मेंबर झाल्यापासून तीन वर्षांत या माणसानं वाचनालयातून एक पुस्तक घरी नेलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "हे माझ्या नावावर करा."

कोपऱ्यातनं आबा ओरडले, "घ्या! हीर घेतली, आता तेवढंच ऱ्हायलं व्हतं!"