हिम्मतरावांची बिनआवाजाची गाडी

नल्लकुंट्यात हिम्मतरावांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तरी त्यांचा साहेबी ताठा गेला नव्हता. आमच्या घराला वळण आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

ते वळण मी रोज संध्याकाळी वरून बघत असे. त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन ज्यावर बसतं, त्या माउंटिंगमधला रबरी बुश झिजला होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की तिची धडधड घरात पोचायची. लगेच टीव्ही बंद. नात ईशा पुस्तक उघडायची, सून शिल्पा स्वयंपाकघरात शिरायची आणि मुलगा प्रशांत सकाळचंच वर्तमानपत्र पुन्हा चाळायला घ्यायचा. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं, फक्त हिम्मतरावांना नव्हतं.

मिस्त्र्यांवर त्यांचा काडीचा भरवसा नाही. एका रविवारी त्यांनी अंगणातच काम काढलं आणि उजेडासाठी बॅटरी धरायला मला खाली बोलावलं. घरातल्या कुणाला हाक मारली नाही. इंजिनाखाली फळी ठेवून जॅकवर त्याचं वजन तोललं, बोल्ट काढून माउंटिंग बाहेर घेतलं. जुना बुश त्यात घट्ट चिकटलेला. तो ठोकून निघेपर्यंत त्यांनी मिस्त्र्यांचा, सरकारचा आणि माझ्या बॅटरी धरण्याचा यथेच्छ उद्धार केला. मीही वैतागलो होतो, पण भाडेकरूनं वैतागायचं ते मनात. शेवटी साबणाचं पाणी लावून नवा बुश त्यांनी लोखंडी शिकंज्याच्या जबड्यात दाबून बसवला आणि सगळं पुन्हा जोडलं.

विद्यानगरपर्यंत फेरी मारून आलो. गाडीनं हूं की चूं केलं नाही. अंगणात येऊन थांबलो तरी घरात कुणाला पत्ता नव्हता. उघड्या खिडकीतून हसण्याचा नुसता कल्लोळ येत होता. ईशा आजोबांची नक्कल करत होती, तोच घोगरा सूर, तेच खाकरणं. "आमच्या घराला वळण आहे, समजलं काय?" प्रशांतला हसून हसून ठसका लागला होता. आणि एक बाई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसत, ते चहावरून चिडलेलं करून दाखव म्हणून ईशाच्या मागे लागली होती.

हिम्मतराव ऐकत राहिले. मग हळूच मला विचारलं, "ही तारामतीच ना?"

सगळा संसार झाला, आणि बायकोचं हसू ओळखायला माणसाला भाडेकरू लागला. मला त्यांचा राग आला, आणि वाईटही वाटलं. मी हो म्हणालो.

त्यांनी हॉर्न दाबला. हसणं जागच्या जागी थांबलं. तारामतीबाई पदर सावरत दारात आल्या.

"आलात का जी? आज गाडी वाजलीच नाही."

"दुरुस्त केली," हिम्मतराव म्हणाले आणि हात धुवायला गेले.

गाडी अजून सुरळीत चालते. संध्याकाळी ती कुंपणापाशी येऊन उभी राहते. हिम्मतराव काच खाली करून थोडा वेळ कान देऊन बसतात. मग गाडी मागे घेत गल्लीच्या तोंडाशी जातात आणि तिथून हॉर्न वाजवत घरी येतात.