माझे चार गेम आणि नांदेडचे मिस्त्री

घासाघिशीत मला आजवर एकाच माणसानं हरवलं आहे, आणि त्या माणसाला घासाघीस येतच नव्हती. मी रेणापूरच्या आठवडी बाजारात लसूण विकत मोठा झालो. लातुरात आलो तेव्हा माझ्याकडे एक सायकल आणि एक जीभ एवढंच भांडवल होतं, आणि त्यातली सायकल पहिल्याच महिन्यात चोरीला गेली. उरलेल्या भांडवलावर मी कॅसेटचा गाडा लावला, गाड्याचं दुकान केलं आणि एवढी कीर्ती मिळवली की मला लांबून येताना पाहिलं तरी व्यापारी आधीच भाव वाढवून ठेवत. मला वाटायचं, मी त्यांना रडवून भाव पाडतो. खरं तर मी दरवेळी त्यांच्या मूळ भावावर येऊन थांबत होतो. हे मला नांदेडच्या मिस्त्रींनी सांगितलं, आणि तेव्हापासून माझा त्यांच्यावर राग आहे. पुढं त्या रागाला आणखी कारणं मिळत गेली.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे नांदेडच्या एका गल्लीतली खोली. तिच्यात एक माणूस आणि तीस-चाळीस यंत्रं राहत. बसायचं असेल तर स्टुलावरचा टीव्ही उचलून मांडीवर घ्यावा लागे. मिस्त्री उंच होते आणि आयुष्यभर वाकून काम केल्यामुळं पहिल्या तीन चतुर्थांशापर्यंतच उंच राहिले होते. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि तिसरा कुठंतरी हरवलेला, ज्याचा शोध कायम चालू. पांढऱ्या कुर्त्यावर सोल्डरिंगच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक छिद्रं. आधी ते रेडिओ दुरुस्त करत, मग व्हीसीआर, मग टीव्हीला जोडायचे परदेशी व्हिडिओ गेम आले तसे तेही. हैदराबादच्या जुन्या बाजारातून मेलेले गेम पोत्यात घालून आणायचे आणि महिनाभर त्यांच्याशी बोलत बसायचे. ‘दुरुस्त केलेला’ हा शब्द त्यांना चालत नसे. ते म्हणत, “अच्छा होऊन गेलेला हाय.” आणि ‘नव्यासारखा’ असं कुणी म्हटलं तर दोन्ही चष्म्यांतून एकदम बघत. “सेठ, टायफाइडमधून उठलेल्या माणसाला तुम्ही नवा म्हणता का?”

प्रत्येक गेमच्या पोटावर ते एक चिठ्ठी डकवत. दुसरे दुकानदार वस्तूचे गुण लिहितात, मिस्त्री आजार लिहीत. ‘तबियत गरम. एका तासानंतर अर्धा तास आराम.’ ‘सीडी वाचणारं भिंग सरकवणारी पट्टी झिजली आहे, उलटा ठेवून खेळावा.’ ‘सीडी पहिल्यांदा नाही म्हणेल, दुसऱ्यांदा ऐकेल. मारू नये.’ ग्यारंटी मात्र ते कधीच देत नसत. पूर्वी देत. भूकंपाच्या आधी किल्लारीकडच्या एका माणसाला त्यांनी वर्षाच्या ग्यारंटीनं रेडिओ दिला होता. भूकंपानंतर तो माणूस चिरडलेला रेडिओ फडक्यात बांधून दुकानात आला आणि म्हणाला, “मिस्त्री, वरीस झालं न्हाई अजून.” घराबद्दल, घरातल्यांबद्दल तो काहीच बोलला नाही. मिस्त्रींनी चार दिवस बसून तो रेडिओ सुरू करून दिला, आणि त्यानंतर ग्यारंटी हा शब्द दुकानातून काढून टाकला. मी हटकून विचारायचो, “मिस्त्री, किती वर्षं चालंल?” ते म्हणत, “सेठ, तुम्ही लातूरचे होऊन हे विचारून राहिले?”

त्यांची तपासणीही जगावेगळी. गेम बरा झाला की ते तो मांडीवर घेऊन नांदेड-लातूर एसटीत बसत, शेवटच्या बाकावर, चाकाच्या बरोबर वर. त्या काळातला तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्या पाठीचा कणा अजून शाबूत असेल. लातूरला उतरल्यावर गेम चालला तर पास. नाही चालला तर त्याच बसनं परत. एकदा कंडक्टरनं गेमचंही तिकीट मागितलं तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, “मरीज आहे. बसून राहिला बिचारा. सीट कुठं मागितली त्यानं?”

आता माझी गोष्ट. लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. ज्या गल्लीत पूर्वी सरकीची पोती दिसत तिथं चार जिल्ह्यांची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन दिसू लागली. डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या दोन तासांच्या मधे त्यांना अर्धा-अर्धा तास मोकळा मिळे, आणि त्या अर्ध्या तासाला गिऱ्हाईक मिळालेलं नाही हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मी कॅसेटचं दुकान मोडून गेम पार्लर टाकायचं ठरवलं आणि चार गेम घ्यायला नांदेडला गेलो. मिस्त्रींनी भाव सांगितला. मी सवयीप्रमाणं हसलो, उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो.

“गेममागं दोनशे कमी करा.”

“होत नाही सेठ.”

“मग राहू द्या. हैदराबादला मी स्वतः जाऊ शकतो.”

“जावा. बिर्याणी पण खाऊन या.”

मी आवाज चढवला. लसूण विकताना चढवायचो तसा. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. मिस्त्रींनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, “ठीक आहे. दोनशे कमी.” मी जिंकलो. शिंप्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पहिला गेम उघडला आणि आतला एक छोटा पंखा काढून डब्यात टाकला.

“हे काय?”

“हा पंखा कंपनीचा नाही सेठ, माझा आहे. मशीन तापू नये म्हणून मी बसवतो. त्याचे दोनशे होते. तुम्हाला नको, तर काढला.”

शहाण्या माणसानं तिथंच दोनशे रुपये परत टेकवले असते. पण शिंपी बघत होता. मी म्हणालो, “काढा. चारींचे काढा. आमच्या लातूरला हवा चांगली आहे.”

मराठवाड्यातल्या उन्हाळ्याबद्दल असं विधान करणारा मी पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस असेन. पार्लर सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात चारी गेम तापायला लागले. पोरं ऐन रंगात आली की पडदा गोठायचा. मी गेमखाली विटा लावल्या, वर ओलं फडकं धरलं, शेवटी एक मोठा टेबल फॅन आणला, ज्याची किंमत चारी छोट्या पंख्यांपेक्षा जास्त होती. तो फॅन पोरांना वारा घालतो असा सगळ्यांचा समज होता आणि मी तो होऊ दिला. पट्टी झिजल्यामुळं एक गेम उलटा ठेवावा लागे. एकदा एक हुशार पोरगा पोट वर करून पडलेल्या गेममध्ये डोकावून म्हणाला, “काका, ह्याला आतून पंखा बसवायला जागा केलीय की. पंखा कुठंय?” मी म्हणालो, “तू फिजिक्सकडं लक्ष दे.” तो म्हणाला, “काका, हे फिजिक्सच आहे.”

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्त्री यायचे. सकाळच्या बसनं उतरत, चारी गेमच्या तळावर तळहात ठेवून ताप बघत, भिंगं पुसत. पंख्याबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. मीच भांडण काढायचो. तुमच्या मशीननं माझं गिऱ्हाईक पळवलं, तुमची पट्टी झिजली, तुमची सीडी अडकली. ते “हाव, हाव” करत काम करायचे आणि अधूनमधून म्हणायचे, “और बोलो.” जेवायच्या वेळेपर्यंत माझा घसा बसायचा. मग माझी बायको ताट वाढायची आणि आम्ही दोघं मुकाट्यानं जेवायचो. चार-पाच वर्षं हे असं चाललं. महिनाभर मी कुणावर किती भडकलो तरी थोडा राग मिस्त्रींसाठी राखून ठेवत असे.

मग पार्लर चालेना. गावाकडून आलेले बाप क्लासच्या आधी माझ्याकडंच पोराला शोधायला येऊ लागले. एकानं तर माझीच कॉलर धरली. त्याच सुमारास शेजारच्या गल्लीतल्या एका मेसची जागा रिकामी झाली. पोरं गेम सोडतील, जेवण सोडणार नाहीत, एवढं मला कळत होतं. जागामालक सोमवारपर्यंत थांबायला तयार होता, आणि त्याला द्यायची रक्कम माझ्याकडं पार्लर विकल्याशिवाय येणार नव्हती. निलंग्याचा एक गृहस्थ चारी गेम घ्यायला तयार झाला. मी त्याला शनिवारी बोलावलं, कारण रविवार मिस्त्रींचा. शुक्रवारी बसून मी चारी गेम शाम्पूनं पुसले आणि पोटावरच्या चिठ्ठ्या ब्लेडनं खरवडून काढल्या.

शनिवारी निलंगेकराची बस चुकली. तो रविवारी आला. त्याच्या मागोमाग मिस्त्री.

निलंगेकर सावकाश बोलणारा होता. गेमवरून हात फिरवत म्हणाला, “मालक, लई गरम होतेत का ओ हे?”

मी म्हणालो, “छे. बर्फ आहेत, बर्फ.”

मिस्त्रींनी एक गेम उचलला, उलटा केला आणि खरवडलेल्या जागेवर अंगठा फिरवला. मी डोळ्यांनी खुणावलं. पाय दाबला. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते निलंगेकराला म्हणाले, “देखो भाई, तापतात चारी, हा तर एका तासातच. हा उलटा चालतो. ह्याची सीडी दुसऱ्यांदा लागते. हा चौथा बाकी अच्छा आहे, पण ह्याच्यावर भरोसा ठेवू नका, अच्छा आहे तोच अचानक जातो.”

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. क्लास सुटला होता, पोरं दारात जमली होती, आणि मी एका सत्तरीच्या माणसाला, ज्यानं माझ्या घरी अन्न खाल्लं होतं, बेइमान म्हणत होतो. मिस्त्री या वेळी “और बोलो” म्हणाले नाहीत. निलंगेकरानं मात्र सगळं सावकाश ऐकलं आणि म्हणाला, “मी घेतो. पर भाव ह्यो न्हाई. आन् ह्ये मिस्त्री दर महिन्याला निलंग्याला येत आसतील तरच.”

सोमवार उद्यावर होता. त्यानं सांगितलेल्या भावाला मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं सांगितलेल्या भावाला एकदाही न हसता, न उठता हो म्हटलं. कमी पडलेल्या रकमेसाठी बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. ती त्यावर एक शब्द बोलली नाही, त्यामुळं मला मिस्त्रींचा आणखीच राग आला. मेस मिळाली, चालली, पाटल्याही सुटल्या. राग सुटला नाही. भेटेल त्याला मी सांगत असे की एका म्हाताऱ्यानं माझा सौदा कसा बुडवला. चिठ्ठ्या खरवडल्याचं तेवढं सांगत नसे.

त्यानंतरचा पहिला ‘दुसरा रविवार’ आला तेव्हा बायकोनं सवयीनं एक ताट जास्त वाढलं. मी तिच्यावर ओरडलो. पुढच्या महिन्यात वाढलं नाही, तेव्हा त्याच्यावरूनही ओरडलो. मेसमधली पोरं माझ्या ओरडण्याला घाबरून गप्प जेवत. कुणी पुढं बोला म्हणत नसे.

निलंग्याला जायला मिस्त्रींना लातूरच्या स्टँडवर बस बदलावी लागे, हे मला माहीत होतं. चार वर्षं मी दुसऱ्या रविवारी स्टँडकडं फिरकलो नाही. शेवटी एकदा गेलो. बायकोला सांगितलं, भाजी बघून येतो. संध्याकाळच्या निलंगा गाडीतून ते उतरले. आणखी वाकले होते. नांदेडची गाडी लागायला वेळ होता. मी दोन चहा सांगितले आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवत राहिलो.

तेच आधी बोलले. “तो निलंग्याचा माणूस चांगला आहे सेठ. चार साल झाले, एकदा आवाज चढवला नाही. काम करायला मन लागत नाही.”

मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणालो, “तुम्ही माझं नुकसान केलं.”

“हाव. केलं.”

“पोरांसमोर केलं.”

“हाव.” त्यांनी चहा बशीत ओतला. “और बोलो.”

आणि मी बोललो. पाटल्यांचं बोललो, जागामालकाचं बोललो, त्यांच्या त्या फाटक्या कुर्त्याबद्दलही बोललो. चहावाला वळून बघू लागला. मिस्त्री मान हलवत होते आणि बऱ्याच दिवसांनी जेवायला बसल्यासारखे दिसत होते. चिठ्ठ्यांपर्यंत मी आलो होतो. ती गोष्ट मला माझ्या तोंडून सांगायची होती. तेवढ्यात नांदेडची गाडी लागली आणि माणसं दारावर तुटून पडली.

“बाकीचं पुढच्या महिन्यात,” मिस्त्री पायरीवरून म्हणाले.

पुढच्या दुसऱ्या रविवारी मी डबा घेऊन गेलो. ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. निलंगेकराचं पार्लर बंद पडलं होतं; पोरांच्या खिशातल्या मोबाइलवर आता गेम होते. मी नांदेडला गेलो. गल्लीतल्या खोलीला कुलूप होतं. शिंपी म्हणाला, मिस्त्री मुलीकडं निजामाबादला गेले, पत्ता माहीत नाही, पण स्टेशनच्या अलीकडं कुठंतरी.

निजामाबाद काही फार लांब नाही. सुट्टीत पोरं गावाला गेली, मेस बंद झाली, की जाईन म्हणतो. गल्लीगल्लीत विचारत फिरावं लागेल. सापडलेच, तर या खेपेला चिठ्ठ्यांचं आवाज न चढवता सांगायचं आहे. ते त्यांना आवडणार नाही, हे माहीत आहे.