बाईंच्या टेबलाखाली

सकाळी बरोबर सव्वादहाला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका इंग्रजी शाळेच्या मोठ्या बाईंनी प्रवेशाच्या मुलाखतीला आमच्या सुमीला माझ्यासकट आत बोलावलं, आणि माझी फजिती तिथून सुरू झाली. तुम्ही हसाल. हसा. मला अजून हसू येत नाही.

मी कोडोलीची. सातवी झाली, शाळा सुटली, लग्न झालं. सुमीचं तसं होऊ नये, एवढाच घोर जिवाला.

शेजारच्या भाभींचा मुलगा त्याच शाळेत. त्या म्हणाल्या, "वस्तू कुठं हाय, एवढंच इचारतात बघ. ऑन, इन, अंडर."

ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत, अंडर म्हणजे खाली. एवढं माझ्या सातवीला येत होतं की! पण सुमीच्या डोक्यात अंडर काही शिरेना. पाटाखाली वाटी ठेवली, बादलीखाली चप्पल ठेवली. पोरगी नुसती बघत बसायची.

शेवटी पदर खोचला आणि मीच कॉटखाली शिरले.

"आई कुठाय?"

"अंडर द कॉट!" पोरगी टुणकन कॉटवर चढून ओरडली, "आय ॲम ऑन!"

मग काय, स्वयंपाक आटोपला की मी कॉटखाली आणि ती वर. आमचे हे कामावरून आले की दारातूनच विचारायचे, "आज बाहेर येणार हाय का तिथंच जेवणार?"

तर त्या दिवशी बाईंनी खुर्चीखाली पेन्सिल ठेवली. "व्हेअर इज द पेन्सिल?"

सुमी गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प! मी नुसते ओठ हलवले, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही काही सांगायचं नाही हं."

आता काय करू, सांगा? पोरीचं अख्खं शिक्षण त्या पेन्सिलीपाशी अडलेलं, आणि मला तोंड उघडायची बंदी. तेवढ्यात बाई कागद काढायला कपाटाकडं वळल्या.

अहो, शिरले की मी टेबलाखाली!

वाटलं, सुमीला आठवेल, आणि बाई वळायच्या आत मी परत खुर्चीत. पण ठेवणीतल्या साडीचा पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकला. वर धपधप पावलं वाजली. सुमी टेबलावर चढली होती. दौत लवंडली.

त्याच वेळी शिपाईमामा पाणी घेऊन आले. "आत्ता तर हितं बसलं होतं. पावणं कुठं गेलं?"

"मदर इज अंडर द टेबल!" सुमीनं शाळाभर ऐकू जाईल असं सांगितलं. "आय ॲम ऑन द टेबल!"

बाई वाकल्या. त्यांचा चष्मा माझ्या नाकासमोर.

"मुलीला घेतलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही आता बाहेर आलात तरी चालेल."

अजूनही मी शाळेत गेले की शिपाईमामा आधी टेबलाखाली वाकून बघतात आणि मग म्हणतात, "या की वहिनी. आज वरच हाय व्हय?"

म्हणून एक करा. ओळखीतली कुणी आई लेकराला घेऊन मुलाखतीला निघाली असेल, तर तिला एवढा निरोप नक्की द्या: पदराला पिन लावून जा.