न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

भुताखेतांच्या गोष्टी पोलीस ठाण्यात कमी नसतात. पंचनाम्याला जाऊन आलेला प्रत्येक जण एक तरी सांगतोच. मी हसून सोडून द्यायची. म्हणूनच हे लिहिणं जड जातंय...

मी नागपुरात पोलीस उपनिरीक्षक आहे. कोराडीकडच्या एका वस्तीतली सुषमा बेपत्ता झाली होती. नवरा म्हणत होता, भांडून सकाळीच उमरेडला माहेरी निघाली. माहेरी ती पोचलीच नव्हती. शेजारच्या वनमालाबाईंना मी दुपारी ठाण्यात बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच. फोनवर रेकॉर्डिंग चालू.

साक्षीदाराला थेट "नवऱ्यानं मारलं का?" असं विचारलं, की तो आपल्याच मनातलं बोलायला लागतो. म्हणून मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. "त्या सकाळी तुम्ही जिथं होता, तिथं मनानं जा. आवाज, वास, आठवेल ते सांगा." मग मी गप्प. मधे तोंड घालायचं नाही.

"अंगणात भांडे घासून राहिली होती जी मी... त्यांचा टीव्ही मोठ्यानं चालू. नवरा ओरडला, मंग सारं एकदम चूप. थोड्या वेळानं थो बाहेर आला, म्हणे सुषमा गेली माहेरी..."

त्या थांबल्या. मी वाट पाहत राहिले. अचानक त्यांनी मान किंचित वळवली आणि म्हणाल्या, "चप्पल? थे तं तवाही दारातच होती."

"कोणाची चप्पल?"

त्यांनी डोळे उघडले. "तुम्हीच तं विचारलं ना मॅडम! 'माझी चप्पल कुठं होती?' मले वाटलं, सुषमाचीच विचारता."

मी काहीच विचारलं नव्हतं.

पण काम थांबवता येत नाही. सुषमाकडे चपलेचा एकच जोड होता, हे तिच्या आईनं सांगितलं. नवऱ्याला मी त्याची गोष्ट पूर्ण सांगू दिली — साडी कोणती, पिशवी कोणती. शेवटी विचारलं, "आणि पायात?"

"चप्पल."

"मग ती गेल्यावर चप्पल दारात कशी?"

तो म्हणाला, "मले मारायचं नव्हतं तिले..."

संध्याकाळी वस्तीमागच्या नाल्यात सुषमा सापडली.

रेकॉर्डिंग मी कितीदा तरी ऐकलंय. बाईंचं बोलणं, मग पंख्याची घरघर, मग थेट उत्तर. मधे कुणाचाच आवाज नाही. सहकारी म्हणतात, बाईच्या मनातलाच प्रश्न असेल. असेलही.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी मला घेरलं. "चपलेचं साक्षीदाराला तुम्हीच सुचवलंत ना?"

"नाही."

"मग प्रश्न कोणाचा?"

"खोलीत आम्ही दोघीच होतो. मी विचारला नाही," एवढंच शपथेवर सांगू शकले.

वनमालाबाईंची साक्ष आधीच झाली होती. त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. न राहवून मी विचारलंच, "बाई, खरं सांगा... त्या दिवशीचा आवाज माझाच होता?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. डोळे भरून आले.

"तुम्हाले समजलं हाय मॅडम... मंग मले काहून विचारता?"