थोरल्या साळ्यांचा उंदीरनकाशा

उंदराच्या डोक्यात इतक्या आपुलकीने शिरलेला माणूस जगात दुसरा नसेल. आणि असलाच, तर तो आमच्या थोरल्या साळ्यांसारखा, म्हणजे बायकोच्या दादांसारखा, सौंसरच्या बसमध्ये चपला विसरून अनवाणी उतरत नसेल. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत दादा उंदरांच्या मेंदूचे पापडाहून पातळ काप करतात, ते रंगवतात आणि आठवणी जिथे साठतात त्या भागाचा नकाशा काढतात. शनिवारी मात्र सौंसरला घरी, आईजवळ. सासूबाईंना अलीकडे नावं आठवत नाहीत. लेकाला त्या कधी दिराच्या नावाने हाक मारतात, कधी बैलाच्या. दादा प्रत्येक हाकेला ओ देतात. जेवण झालं की संत्र्याची फोड माझ्यासमोर धरतात. "पाहा जावईबापू, उंदराच्या डोक्यात दोन्ही बाजूनं अशीच वाकडी फोड राहते. घराचा रस्ता हिच्यातच." मी ती तोंडात टाकली की म्हणतात, "घ्या! झाला उंदीर बेघर."

ते काप लावलेल्या काचपट्ट्या दादा संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यांत ठेवतात आणि शनिवारी घरीही आणतात. सासरहूनच पांढुर्ण्याला माझ्या आतेबहिणीच्या साखरपुड्याला निघताना मी घाईत नेमका तसला डबा उचलला. व्याह्यांनी तो आधी गणपतीपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, मग उघडला. "बर्फी काचेवर काऊन थापली हो?" अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "बर्फी नाही, उंदराचा मेंदू आहे." सोयरीक टिकली, पण त्या घरात मी आजही 'उंदीरवाले पाहुणे'. परत येऊन मी डबा दादांसमोर ठेवला. ते डब्यावरची हळद पुसत म्हणाले, "गणपतीपुढं ठेवला न? बरं झालं. त्याच्याच वाहनाचा हाय."

गेल्या शनिवारी मी विचारलं, "दादा, नकाशा पुरा झाला की आईंना नावं आठवतील?"

"नाई हो," ते हसले, पण नेहमीसारखे नाही. "अजून उंदराचाच होऊन राहिला. आईचा कधी होईन?"

तेवढ्यात सासूबाई उठल्या. कुणाला न विचारता घरामागच्या संत्र्याच्या बगीच्यात शिरल्या, साऱ्या झाडांमधून थेट विहिरीजवळच्या झाडाशी गेल्या आणि पदरात दोन संत्री घेऊन आल्या. दादांपुढे थबकल्या. नाव काही सापडेना.

"घे रे बापा. तुह्या झाडाचं हाय."

लहानपणी दादा त्याच झाडाखाली बसून संत्री खायचे म्हणे. त्या दिवशी त्यांनी फोड कुणाला दाखवली नाही. सावकाश खात राहिले. एक माझ्या हातावर ठेवली, आणि ती लगेच तोंडात टाकायला मलाही पहिल्यांदाच जमलं नाही.